चार टक्के

फोन फुगलाय हे मला टेबलानं सांगितलं.
मेळा स्टँडच्या कंट्रोल रूममध्ये ठेवला पालथा,
तर भोवऱ्यासारखा फिरला, एक गिरकी घेऊन थांबला.
भोये ड्रायव्हर म्हणाला, काढा बाहेर, पोट सुटलंय त्याला.

एम.जी. रोडवर तौफिकच्या गाळ्यात
त्यानं पाठ उचकटली, अंगठ्यानं जराशी चाचपली,
विचारलं, मास्तर, रात्रभर लावून झोपता ना?
मी गप्प.
उशीखाली?
उशीखाली.

त्यानं ती उपसून काढली, चंदेरी, टम्म,
आणि वाळूच्या डब्यात अलगद निजवली.
घरी नेऊ नका म्हणाला, टोचू नका,
घंटागाडीत तर टाकूच नका.
सहा वर्षं खाकी खिशात, छातीला लागून होती.
आता तिला कचराही घेत नाही.

नवी बसवता बसवता नियम सांगत होता:
विसाच्या खाली उतरू द्यायची नाही,
ऐंशीला डबल बेल.
(डबल बेल माझी. तो 'बस करायचं' म्हणाला.)
इंजिनच्या बॉनेटवर ठेवायचा नाही, कव्हर काढून लावायचा,
स्टँडवरची पन्नास रुपयांची वायर तर विसराच.
मी मान डोलावत होतो.
चव्वेचाळीस बसून, अकरा उभे,
हे रोज डोक्यावर वाचत चौऱ्याहत्तर माणसं नेतो मी.
नियम मला कळतात.

पण तौफिक, तू जोगमोडीला मुक्कामाला आलेला नाहीस.
पेठ रोडला लागून घाट सुरू झाला
की फोन टॉवर शोधायला लागतो,
आणि बोलण्यात नाही, या शोधण्यातच निम्मा संपतो.
गावात शाळेच्या व्हरांड्यात एक प्लग,
गिरणीत दुसरा.
त्या रात्री लाईट दुपारपासूनच नव्हती.
भोये मागच्या सीटवर घोरत पडलेला
आणि माझ्याकडे चार टक्के.

सुट्ट्या पैशांसारखे राखले होते.
उजेड कमी, नेट बंद, वेळ बघायची ती भोयेच्या घड्याळात.
पहाटे पाचला कृतिकाला उठवायचं होतं,
बारावीचं प्रॅक्टिकल. तिची आई रात्रपाळीला सातपूरला.
अलार्म ती झोपेतच दाबते.
मला दाबता येत नाही.

साडेनऊला गावितांची थोरली आली, हातात बॅटरी नसलेली विजेरी,
सवयीनं धरलेली.
मास्तर, एक फोन.
भाऊ दिंडोरीला द्राक्षाच्या कामावर.
टाकीच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहिलं की दोन कांड्या येतात,
तिथं ती चढली.
आईचा ताप उतरला, तू येऊ नको, खाडा करू नको.
झालं तिचं. दहा सेकंद.
मग तो बोलत राहिला.
शेळी व्याली का, पत्रा बसवला का,
आई खरंच जेवली का, का तू उगाच सांगतेस.
मी खाली उभा, हात पुढे करायचा म्हणून अर्धा उचललेला.
तसाच राहिला तो.
मग तिच्या गालावरचा उजेड गेला.
तिनं फोन दोन्ही हातांनी परत दिला,
भरलेला तांब्या द्यावा तसा.

रात्रभर जागा होतो.
माझ्या जागं राहण्यानं नाशकात कोण उठणार होतं?
सहाची गाडी काढली, तिकिटं फाडायची मशीन भरलेली,
मी रिकामा.
साडेआठला स्टँडवर वायर लावली, सफरचंद दिसायला पाच मिनिटं
नव्हे, सफरचंद नाही माझ्या फोनला, नुसती लाल रेघ,
तीच बघत बसलो.

लागला.
अगं, उठलीस?
कॉलेजच्या गेटवर आहे, म्हणाली.
तुमचा फोन येईना म्हणून जाग आली.
चारलाच.

तर आता ऐंशीला काढतो. कव्हरही काढतो.
उशीखाली चष्मा ठेवतो फक्त.
पैसे देताना तौफिकनं पुन्हा बजावलं,
शून्यावर एकदाही नेऊ नका, आतून मरते ती.
हो म्हणालो.
जुनी नेली होती एकदा, ते काही बोललो नाही.
वाळूच्या डब्याकडे मात्र
निघताना एकदा बघितलं.